नाव बदललं की ऑफर बदलते का?

उल्हासनगरच्या मालावरचा 'मेड इन यूएसए' शिक्का तुम्ही ऐकला असेलच. यूएसए म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा खुलासाही. फाळणीनंतरच्या निर्वासित छावण्यांचं १९४९ मध्ये शहर झालं, त्या शहराचा हा किस्सा कल्याणच्या पुढे लोकलमध्ये आजही ऐकू येतो. त्यात अक्षरं तीच राहतात, अर्थ बदलतो. आजचं प्रकरण उलट आहे. इथे नावं बदलत गेली आणि भांडण झालं ते माल तोच आहे का, यावर.

५ सप्टेंबर २०१६ ला रिलायन्स जिओची सेवा सुरू झाली, 'वेलकम ऑफर' या नावाने. डेटा, कॉल, सगळं फुकट. स्वागत पाहुण्याचं होतं आणि इथले पाहुणे होते एअरटेल, व्होडाफोन, आयडियाचे ग्राहक. नंबर न बदलता कंपनी बदलायची सोय २०११ पासून होतीच, पण फोनमधल्या दुसऱ्या सिमच्या जागेमुळे तेवढीही गरज उरली नव्हती. जुनं कार्ड राहू द्या, नवं घाला!

अडचण ट्रायच्या नियमाची होती. सवलतीची ऑफर ९० दिवसांपेक्षा जास्त चालवता येत नाही. ५ सप्टेंबरपासून मोजा, ९० वा दिवस येतो ३ डिसेंबरला. आणि ४ डिसेंबरपासून काय सुरू झालं? 'हॅपी न्यू इयर ऑफर', ३१ मार्च २०१७ पर्यंत. पुन्हा फुकटच. फरक एवढाच की वेगवान डेटा दिवसाला ४ जीबीऐवजी १ जीबी झाला.

एअरटेल आणि आयडिया टीडीसॅट या न्यायाधिकरणाकडे गेल्या. त्यांचं म्हणणं असं, की ही जुनीच ऑफर आहे, फक्त पाटी नवी. ट्रायने मात्र दोन्ही ऑफर वेगळ्या मानल्या. मार्चमध्ये टीडीसॅटने स्थगिती दिली नाही, पण ट्रायला फेरतपासणी करायला सांगितली. तोवर, फेब्रुवारीतच, जिओने १० कोटी ग्राहकांचा टप्पा ओलांडला होता. निकालाची वाट बघत बाजार थांबत नाही.

मार्चअखेर 'समर सरप्राइज' आली. ३०३ रुपयांचं रिचार्ज करा, तीन महिने वर मिळवा. ट्रायच्या सांगण्यावरून ६ एप्रिलला ती मागे घ्यावी लागली. पाचच दिवसांनी, ११ एप्रिलला, 'धन धना धन': ३०९ रुपये, ८४ दिवस, रोज १ जीबी.

आता चारही नावं एका ओळीत मांडून बघा. पहिल्या तिन्हींमध्ये काळ आहे: आगमन, नवं वर्ष, उन्हाळा. म्हणजे 'हे थोड्याच दिवसांचं आहे' असं नावच सांगतंय, ग्राहकालाही आणि नियामकालाही. चौथ्यात काळ नाही, नुसता पैशाचा ताल आहे. कारण आता ती फुकटची सवलत नव्हती, पैसे मोजून घ्यायचा पॅक होता. आणि चारांपैकी एकाही नावात प्रतिस्पर्ध्याचा साधा उल्लेखसुद्धा नाही.

संशोधनाला बसणाऱ्यांसाठी यातून दोन गोष्टी.

एक, नाव हा पुरावा आहे, पण तो दावा करणाऱ्याचा पुरावा आहे. 'चार ऑफर झाल्या' असं लिहिलंत तर नकळत तुम्ही कंपनीची बाजू घेतलीत. 'एकच ऑफर चार नावांनी चालली' असं लिहिलंत तर प्रतिस्पर्ध्यांची. आधी तक्ता करा: सुरुवात, शेवट, काय मिळालं, कोणाला मिळालं, किती रुपयांत. नावाचा रकाना शेवटी भरा.

दोन, नकाशा तपासा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर महाराष्ट्रात आहेत म्हणून तुम्ही 'महाराष्ट्र' सर्कलचे आकडे उचलाल आणि फसाल. मोबाइल परवान्यांत कल्याण टेलिफोन्सचा भाग, म्हणजे आपला ०२५१, मुंबई सर्कलमध्ये धरलाय. सर्कलच्या नावावरून गाव शोधू नका, गावावरून सर्कल शोधा.

पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या, एअरसेल त्याआधीच दिवाळखोरीत गेली होती. हे सगळं त्या फुकटच्या महिन्यांमुळेच झालं असं म्हणणं घाईचं होईल, कारण कर्जं जुनी होती. पण ९१ व्या दिवशी नवं नाव मिळालं नसतं तर काय झालं असतं, हा प्रश्न एखाद्या प्रबंधाला पुरेल.