मच्छीमारांची साक्ष आणि अ‍ॅरिस्टॉटलचा मासा

गुणवत्तेचा वाद निघाला की एक युक्तिवाद हमखास येतो. हातानं काम करणाऱ्यांकडे कसब असतं, ज्ञान मात्र बसून विचार करणाऱ्यांनी निर्माण केलं. हा युक्तिवाद प्राचीन ग्रीसमध्येही होता, आणि त्याला खोटं पाडणारा साक्षीदार तिथल्याच नदीत आहे. तो साक्षीदार म्हणजे एक मासा.

पश्चिम ग्रीसमधल्या आखेलोस नदीत बिनखवल्यांचा, मिशा असलेला हा मासा राहतो. आपले शिंगाळा, मांगूर ज्या मोठ्या गटात येतात त्याच कॅटफिशच्या गटातला. ग्रीक त्याला ग्लानिस म्हणत. अ‍ॅरिस्टॉटलनं (इ.स.पू. ३८४-३२२) प्राण्यांवरच्या ग्रंथात त्याची हकीकत दिली आहे. अंडी घालून मादी निघून जाते. नर मात्र ४०-५० दिवस अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतो. जवळ येणाऱ्या लहान माशांवर तो धावून जातो, तेव्हा पाणी खळबळतं, घुमल्यासारखा आवाज येतो आणि मच्छीमारांना त्याची जागा कळते. मग ते अंडी चिकटलेली पाणवनस्पतींची मुळं ओढत उथळ पाण्यात आणतात. नर मागोमाग येतो आणि लहान माशांवर झडप घालताना गळाला लागतो. गळ लागला तरी अंडी सोडत नाही, दातांनी गळच तोडतो.

हे पाण्यात उतरून मुळं ओढणाऱ्यांनीच पाहिलेलं आहे. त्यांना बापाच्या मायेचं कौतुक नव्हतं, त्यांना मासा हवा होता. पण पोटासाठी केलेलं निरीक्षण म्हणून ते कमी अचूक ठरत नाही.

अ‍ॅरिस्टॉटलला मात्र ते कमीच वाटत असावं. माशांच्या गर्भधारणेबद्दलची एक समजूत खोडताना तो म्हणतो, मच्छीमारांपैकी कोणीही अशा गोष्टी ज्ञानासाठी म्हणून पाहत नाही. ती समजूत चुकीची होती, हे मान्य. पण ग्लानिसची माहिती याच लोकांच्या कामातून आली होती, त्याचं काय? हाच माणूस 'पॉलिटिक्स'मध्ये काही माणसं निसर्गतःच गुलाम असतात असं मांडतो आणि उत्तम राज्यात कारागिरांना नागरिकत्व नाकारतो. त्याचा गुरू प्लेटो. प्लेटोनं पाडलेले माणसांचे वर्ग आणि चातुर्वर्ण्य यांचं नातं दाखवून बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्याचा समाचार घेतला आहे.

पुढे युरोपातल्या विद्वानांनी ग्लानिस म्हणजे आपल्याकडचा वेल्स हा अडीच मीटरहून मोठा होणारा कॅटफिश, असं धरलं. वेल्सबद्दल असं काही ऐकिवात नव्हतं, म्हणून राखणीची गोष्टच संशयास्पद ठरली. मच्छीमारांना विचारावं, असं सहसा कोणाला वाटलं नाही. १८५६ च्या सुमारास अमेरिकेत लुई आगासीझला आखेलोसमधले नमुने मिळाले. अमेरिकी कॅटफिश पिल्लांची राखण करतात हे त्याला ठाऊक होतं. मासा वेल्स नव्हताच, वेगळी जात होती. (हाच आगासीझ मानववंश वेगवेगळे निर्माण झाले असं सांगून वर्णद्वेषाला शास्त्राचा मुलामा देत होता, हेही लक्षात ठेवा.) १८९० मध्ये सॅम्युअल गार्मननं तिचं शास्त्रीय वर्णन केलं. आता तर वेल्सचा नरही अंडी राखतो, हे माहीत झालं आहे.

म्हणजे मच्छीमारांचं म्हणणं दोन हजारांहून अधिक वर्षांनी खरं ठरलं. माशाचं नाव ठेवलं गेलं सिल्युरस अ‍ॅरिस्टॉटेलिस.

आपल्या नद्यांतही हेच झालं. मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करणाऱ्या कर्नल साइक्सनं १८३९ मध्ये इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. काही कॅटफिशना त्यानं मराठी नावंच दिली, शिंगाळ्याचं 'सीनघाला', शिंगटीचं 'सीनगटी'. दुसऱ्या दोघांना 'यॅरेली' आणि 'चिल्ड्रेनी' ही नावं दिली, ती विल्यम यॅरेल आणि जॉन जॉर्ज चिल्ड्रेन या इंग्लंडमधल्या विद्वानांवरून. शिंगाळा हा शब्द त्याला कोणी सांगितला, ते या नावांवरून कळत नाही.