खुरप्याचा इतिहास

शिवरायांच्या तलवारीचे नाव विचारले की वर्गातली निम्मी मुले हात वर करतात. तोफांची नावे, किल्ल्यांची नावे, लढायांची सनावळी, सारे त्यांना मुखोद्गत असते. मात्र त्यांच्याच घराच्या पडवीत वाशाला खोचून ठेवलेल्या खुरप्याचा इतिहास विचारला, तर ती एकमेकांकडे पाहून हसतात. खुरप्याला कसला आलाय इतिहास! यात मुलांचा दोष नाही, कारण पाठ्यपुस्तकात तलवार येते, फार तर नांगर येतो. खुरपे येत नाही. इतकी वर्षे इतिहास शिकवल्यावर मला मात्र वाटू लागले आहे की, आपल्या या सीमेवरच्या मुलखाचे जिणे समजून घ्यायचे असेल तर या परसातल्या अवजारांकडे वळावे लागेल.

प्रथम शब्दांकडेच पाहू. 'खुरपे' हा शब्द संस्कृत 'क्षुरप्र' या शब्दापासून आला. क्षुर म्हणजे वस्तरा. वस्तऱ्यासारख्या धारेच्या बाणालाही क्षुरप्र हेच नाव होते आणि महाभारतातील युद्धवर्णनांत हे बाण जागोजागी भेटतात. एकाच नावाचा एक धनी महाकाव्यात जाऊन बसला आणि दुसरा आमच्याकडच्या मिरचीच्या सरीत वाकून तण काढत राहिला. शेजारच्या कानडी घरात याच खुरप्याला 'कुरपी' म्हणतात. कुदळीचे तर त्याहून गमतीचे. संस्कृतात 'कुद्दाल', कानडीत 'गुद्दली', मराठीत 'कुदळ'. बरो यांच्यासारख्या भाषापंडितांनी हा शब्द द्राविडी भाषांतून संस्कृतात गेला असे मानले आहे. आपण पेरणीच्या तिफणीला 'कुरी' म्हणतो ती कानडी 'कूरिगे'ची बहीण, आणि तण भरून बांधावर टाकायची 'बुट्टी' तर सरळ कानडीच. सीमेचा वाद ज्यांना घालायचा ते घालोत. मातीत राबणाऱ्या हातांनी शब्दांची देवघेव केव्हाच करून टाकली आहे.

अवजारावर माणसाचा जीव कसा जडतो, याची एक जुनी कथा पाली जातकांत आहे. तिचे नावच कुद्दाल जातक. काशीला एक गरीब माळी होता. एका कुदळीवर तो भाजीपाला, भोपळे, काकड्या पिकवून पोट भरी. त्या कुदळीवाचून त्याच्यापाशी दुसरे धन नव्हते. पुढे विरक्ती येऊन तो संन्यासी झाला. जाताना कुदळ लपवून ठेवली. पण मन तिच्यातच गुंतलेले, म्हणून परत आला. असे सहा वेळा घडले. सातव्या खेपेस तो नदीकाठी गेला आणि कुठे पडली ते दिसू नये म्हणून डोळे मिटून, डोक्याभोवती तीनदा गरगर फिरवून त्याने ती पाण्यात भिरकावली. मग आपण जिंकल्याची मोठ्याने आरोळी ठोकली. लढाई जिंकून त्या वाटेने परतणारा राजा ती आरोळी ऐकून थबकला, अशी ती कथा आहे. राजाच्या विजयाशेजारी कुदळीच्या मोहावरचा विजय ठेवणारा तो कथाकार अवजाराची किंमत जाणत होता, एवढे खास.

आता लोखंडाकडे येऊ. लोखंड आपल्या भागाला फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. तुंगभद्रेकाठच्या हल्लूर येथे 1965 साली झालेल्या उत्खननात इसवी सनापूर्वी सुमारे 1000 या काळातली लोखंडी बाणांची टोके मिळाली. विदर्भात नायकुंड येथे लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टीच सापडली. सह्याद्रीच्या माथ्यावर धावड लोक दगडातून लोखंड गाळत आले होते. एकोणिसाव्या शतकात विलायती लोखंड स्वस्त झाले, कोळशासाठी लागणाऱ्या जंगलावर सरकारी निर्बंध आले आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. गावचा लोहार मात्र टिकला. बारा बलुत्यांतला तो एक. वर्षभर फाळ, विळे, खुरपी यांना धार लावून द्यायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचे, असा त्याचा हिशेब असे. ज्या गावी लोहार नसे तिथे घिसाडी येत. रस्त्याच्या कडेला भाता मांडून नवरा सांडशीत तापले लोखंड धरतो आणि बायको घण घालते, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा लालबुंद तापवायचा, ठोकून पाते काढायचे, योग्य क्षणी पाण्यात बुडवून त्याला पाणी पाजायचे, शेवटी लाकडी मूठ बसवून कडी चढवायची. पाणी कमी पाजले तर धार वळते, जास्त झाले तर पाते उडते. हे शास्त्र त्यांना कुणी पुस्तकातून शिकवले नाही.

सुधारणेच्या इतिहासात आपल्या बेळगावाला मानाचे पान आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईची शिक्षकाची नोकरी सोडून 1897 साली इथे आले. भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचे दुकान चालवता चालवता त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र बनवले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी त्या वेळी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर विकायलाच दोन वर्षे गेली, असे सांगतात. पुढे बेळगावची जागा नगरविस्तारासाठी सोडावी लागली आणि 1910 साली औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा इतिहास रास्त अभिमानाचा आहे. नांगर बदलला, मोटेच्या जागी पंप आला, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. खुरपे मात्र पणजीच्या हातात होते तसेच आजही नातसुनेच्या हातात आहे. वीतभर पाते, मूठभर दांडा.

असे का झाले असावे? दोन वर्षांपूर्वी मी नववीच्या मुलांना सुटीत एक काम दिले होते. घरातल्या अवजारांची यादी करायची, मराठी व कानडी दोन्ही नावे लिहायची आणि पुढे दोन रकाने भरायचे: कोण वापरते, कोणी विकत आणले. वह्या तपासताना मी थांबलो तो या दोन रकान्यांपाशी. नांगर व कुदळ यांच्यापुढे बहुतेकांनी दोन्हीकडे 'वडील' किंवा 'आजोबा' लिहिले होते. खुरप्यापुढे पहिल्या रकान्यात 'आई', 'आजी', 'काकू' आणि दुसऱ्या रकान्यात पुन्हा 'वडील'. जिची पाठ दुखते ती बाजारात जात नाही आणि जो बाजारात जातो त्याची पाठ भांगलणीने दुखत नाही. मग दुकानदाराला दुसऱ्या तऱ्हेचे खुरपे मागणार कोण? 1976 साली स्त्री-पुरुषांना समान वेतनाचा कायदा झाला, तरी भांगलण हे 'बायकांचे काम' राहिले आणि बायकांचे काम म्हणून हलके गणले गेले.

कुणी म्हणेल, आखूड दांडा ही कामाचीच गरज आहे, त्याला इलाज नाही. याच मुद्द्यावर साता समुद्रापलीकडे एक लढा झाला होता, तो आपल्याला पुष्कळ शिकवून जातो. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात बीट व सॅलडच्या मळ्यांत मेक्सिकन मजुरांना दोन फुटांहून आखूड दांड्याची कुदळी देत. दिवसभर कमरेत वाकून काम. मळेवाले सांगत की लांब दांड्याने रोपे तुटतील. शिवाय आखूड दांड्याची एक सोय होती: कोण काम थांबवून उभा राहिला ते मुकादमाला लांबूनच दिसे. मजुरांनी डॉक्टरांच्या साक्षी काढल्या, पाठीचे मणके कायमचे निकामी होतात हे दाखवले, आणि 1975 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर त्या अवजारावर बंदी आली. मळे बुडाले नाहीत. तिथे सॅलड आजही पिकते. काही मळ्यांत बंदीनंतर हातांनीच तण उपटायला लावत, म्हणून 2004 साली त्यावरही मर्यादा घालावी लागली.

आपल्या शेताची गोष्ट तंतोतंत तशी नाही, हे मलाही कळते. कोथिंबिरीच्या वाफ्यात किंवा रोपाच्या अगदी बुंध्याशी खुरप्यावाचून चालत नाही. पण ओळीत लावलेल्या पिकाला हाताने ढकलायचे सायकल कोळपे उभ्याने चालते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी 'वैभव' विळाही आहे. म्हणजे सोय निघू शकते. ती प्रत्येक दारी पोचलेली नाही, एवढेच.

आमच्या शाळेच्या बागेत आम्ही एक नियम केला आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुलगे आणि मुली पाळीपाळीने खुरपे व कोळपे दोन्ही वापरतात आणि नवे अवजार घेण्याआधी ते हाती धरणाऱ्याला विचारले जाते. मुलग्यांनी पहिल्याच आठवड्यात पाठ धरली, आणि लांब दांड्याची मागणी त्यांच्याकडूनच आली! हसू आले खरे, पण त्यात एक धडाही होता. ज्याची पाठ वाकते त्याला विचारले की अवजार बदलते.

वाचकहो, खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो, आपले कानडी शेजारी आयुधपूजा करतात, आणि दिवाळीत लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहतो. ही आपली चांगली रीत आहे, ती राखावी. यंदा पूजा आटोपल्यावर पडवीतले खुरपे, विळा, खराटाही एकदा हाती घेऊन पाहा. दांडा किती लांब आहे, मूठ कुणाच्या हाताच्या मापाची आहे, धार कधी लावली होती. मग ते रोज वापरणाऱ्या आईला, वहिनीला, कामावर येणाऱ्या मावशींना विचारा, त्यांना कसे हवे आहे. आणि त्या सांगतील तसे पुढच्या बाजाराला घेऊन या.