परीक्षकाच्या आसनापर्यंतची वाट : आंतरराष्ट्रीय कॉयर स्पर्धा आणि त्यांचे वृंदसंचालक

समूहगायनाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निकाल लागला की विजेत्या कॉयरचे छायाचित्र, करंडक उंचावलेला संचालक आणि गणवेशातील आनंदित तरुण-तरुणी आपल्याला वृत्तपत्रांतून पाहावयास मिळतात. ज्यांनी हा निकाल दिला त्या पाच-सात व्यक्तींची नावे मात्र क्वचितच छापली जातात. त्या कोण असतात, त्या आसनापर्यंत कशा पोहोचतात आणि परक्या देशांतील गायकांनी त्यांच्या कानावर विश्वास का ठेवावा, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत. नाताळच्या आसपास आपल्या धर्मग्रामांतून कॅरल गायनाच्या स्पर्धा होतात आणि त्यांच्या निकालांवरून पुढे जानेवारीभर चर्चा चालते. त्यामुळे हा विषय वाचकांना अगदीच परका वाटू नये.

आधी स्पर्धांविषयी थोडेसे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, वेल्समधील लँगॉलेन या लहानशा गावी आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सव सुरू झाला. कालपर्यंत एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या देशांतील माणसांनी एका मंचावर येऊन गावे, हा त्यामागील हेतू होता. १९५५ साली इटलीतील मोदेना शहराच्या कॉयरने तेथे पहिला क्रमांक पटकावला. त्या कॉयरमध्ये एक बेकरीवाला आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलासह गात होता. मुलाचे नाव लुचियानो पावारोत्ती. पुढे जगद्विख्यात झालेला हा गायक १९९५ साली त्याच गावी पुन्हा गाण्यासाठी आला.

इटलीतील आरेत्सो येथील स्पर्धा १९५२ पासून भरते. तिला अकराव्या शतकातील बेनेडिक्टाइन संन्यासी ग्विदो यांचे नाव दिलेले आहे आणि ते सर्वथा योग्य आहे. रेषांवर स्वर लिहिण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली. संत जॉन बाप्तिस्ता यांच्या एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींची आद्याक्षरे घेऊन त्यांनी स्वरांना नावे दिली. आपल्या सारेगमप्रमाणेच पाश्चात्त्य विद्यार्थी आजही त्याच नावांनी स्वर घोकतात. आरेत्सोच्या पाठोपाठ हंगेरीतील डेब्रेत्सेन (१९६१), बास्क प्रदेशातील तोलोसा (१९६९), फ्रान्समधील तूर (१९७२), बल्गेरियातील वार्ना (१९७७) आणि स्लोव्हेनियातील मारिबोर (१९९२) या स्पर्धा उभ्या राहिल्या. अशा निवडक स्पर्धांच्या महाविजेत्यांना पुन्हा एकमेकांसमोर उभे करणारा ‘युरोपियन ग्रां प्री’ हा सन्मान १९८९ पासून दिला जातो. दुसऱ्या बाजूला जर्मनीतील ‘इंटरकुल्टूर’ या संस्थेने २००० साली ऑस्ट्रियातील लिंझ येथे ‘कॉयर ऑलिंपिक’ भरविले. त्याचेच पुढे ‘वर्ल्ड कॉयर गेम्स’ असे नामकरण झाले. आरेत्सोसारख्या ठिकाणी मोजकीच कॉयर निवडून घेतली जातात, तर येथे शेकडो कॉयर येतात. या दोन्ही प्रकारच्या स्पर्धांत परीक्षकाचे काम थोडे वेगळे असते, हे ध्यानात ठेवावे.

परीक्षक नेमके काय करतो? कॉयर जे गाणार आहे त्याची स्वरलिपी आधीच परीक्षकांकडे दिलेली असते. ती समोर ठेवून तो ऐकतो. सुरेलपणा, आवाजाचा पोत, लिहिलेल्या संगीताशी इमान आणि एकंदर कलात्मक परिणाम, अशी गुणांची विभागणी साधारणपणे असते. वाद्याच्या साथीवाचून गाताना कॉयरची पट्टी नकळत उतरत जाते. चार मिनिटांचे गीत संपेपर्यंत ती अर्ध्या स्वराने खाली आलेली असते आणि सामान्य श्रोत्याला त्याचा पत्ताही लागत नाही. परीक्षकाला तो लागावाच लागतो. आल्टो आणि टेनर हे मधले स्वर झाकले गेले काय, लॅटिन शब्दांचे स्वर सर्वांच्या तोंडून एकसारखे उमटले काय, श्वास कोठे घेतला, हे सारे त्याने त्या क्षणीच टिपायचे असते. गीत पुन्हा ऐकावयास मिळत नाही. काही स्पर्धांत सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण वगळून सरासरी काढतात. कॉयरशी परीक्षकाचे नाते असल्यास त्याने गुण देऊ नयेत, असाही नियम अनेक ठिकाणी आहे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॅरल स्पर्धेत आम्हीही परीक्षक म्हणून बसलो होतो. सेमिनरीत ग्रेगोरियन गायन शिकलो होतो, एवढीच आमची पात्रता. एका लहान कॉयरला आम्ही तिसरा क्रमांक दिला. कार्यक्रम संपल्यावर त्यांचे वृद्ध ऑर्गनवादक जवळ आले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “फादर, आमचे कुठे चुकले तेवढे सांगा, म्हणजे पुढच्या वर्षी सुधारू.” आमच्या हातातील कागदावर केवळ आकडे होते. काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन आम्ही सुटका करून घेतली. आंतरराष्ट्रीय परीक्षकांची चरित्रे वाचताना तो प्रश्न वारंवार आठवत राहिला, कारण हाच प्रश्न त्यांना प्रत्येक स्पर्धेत विचारला जातो आणि त्याचे उत्तर त्यांना देता यावे लागते. लँगॉलेनला तर परीक्षकाने मंचावर येऊन श्रोत्यांसमक्ष आपला अभिप्राय सांगण्याची परंपरा आहे. अन्यत्र निकालानंतर संचालक आणि परीक्षक एकत्र बसतात आणि स्वरलिपीच्या पानापानावर चर्चा होते.

परीक्षक हा स्वतंत्र व्यवसाय नाही. त्याचे पदवीशिक्षण कोठे मिळत नाही आणि त्यावर कोणाचा संसारही चालत नाही. प्रवास, निवास आणि काही मानधन मिळते, एवढेच. या व्यक्तींचा खरा चरितार्थ संगीत महाविद्यालयातील अध्यापनावर, महामंदिरातील संगीतसेवेवर किंवा रेडिओच्या व्यावसायिक कॉयरवर चालतो. त्यांना बोलावणे येते ते त्यांनी घडविलेल्या कॉयरमुळे. याचा अर्थ, बहुतेक परीक्षक कधी काळी त्याच मंचावर, त्याच धास्तीने, दुसऱ्या बाजूला उभे राहिलेले असतात.

फिलिपिन्सच्या आंद्रेया वेनेरासियॉन (१९२८–२०१३) यांचे उदाहरण आम्हाला सर्वांत बोलके वाटते. मनिला येथे शिक्षण घेतल्यावर त्या अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात गेल्या आणि परतल्यावर १९६३ साली त्यांनी फिलिपिन्स विद्यापीठात प्राध्यापक व विद्यार्थ्यांचा एक लहान गायकवृंद उभा केला. तोच पुढे ‘फिलिपिन मॅड्रिगल सिंगर्स’ म्हणून प्रसिद्धीस आला. हे गायक अर्धवर्तुळात बसून गातात आणि समोर हातवारे करणारा संचालक नसतो. संचालक डाव्या टोकाला, गायकांपैकीच एक होऊन बसलेला असतो. प्रत्येकाने शेजाऱ्याचा स्वर ऐकत गायचे, हाच त्या रचनेचा मतितार्थ. युरोपियन ग्रां प्रीचा मान या वृंदाने १९९७ साली वेनेरासियॉन यांच्या नेतृत्वाखाली आणि २००७ साली आरेत्सो येथे त्यांचे शिष्य मार्क अँथनी कार्पियो यांच्या नेतृत्वाखाली मिळविला. असे दोनदा करणारा हा पहिलाच वृंद. १९९९ साली वेनेरासियॉन यांना त्यांच्या देशाने ‘राष्ट्रीय कलावंत’ ही पदवी दिली. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या परीक्षक मंडळांवर त्यांनी काम केले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले जोनाथन वेलास्को यांच्यासारखे संचालकही पुढे त्या आसनावर बसले.

ही गोष्ट केवळ एका देशाच्या अभिमानाची नाही. युरोपातील परीक्षकाचा कान युरोपीय आवाजावर पोसलेला असतो. सरळ, कंपरहित, दगडी महामंदिरात घुमणारा स्वर त्याला ‘शुद्ध’ वाटतो. आशिया, आफ्रिका किंवा लॅटिन अमेरिकेतील वृंद आपल्या लोकसंगीताचा भरदार, मोकळा आवाज घेऊन येतो, तेव्हा तो दोष मानायचा की वैशिष्ट्य? नियमावलीत याचे उत्तर सापडत नाही. ते परीक्षक मंडळावर कोण बसले आहे यावर अवलंबून राहते. मंडळावर मनिलाची एक वृंदसंचालिका असणे म्हणूनच महत्त्वाचे. व्हेनेझुएलाचा मार्गही असाच आहे. आल्बेर्तो ग्राउ यांनी १९६७ साली स्थापन केलेल्या ‘स्कोला कांतोरुम दे काराकास’ या वृंदाने १९७४ साली आरेत्सो येथे पहिला क्रमांक मिळविला. त्याच परंपरेत वाढलेल्या आणि इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात शिकलेल्या मारिया गिनान्द पुढे जगभर अध्यापक व परीक्षक म्हणून फिरल्या. २००० साली जर्मनीतील श्टुटगार्ट येथे ओस्वाल्दो गोलिहोव यांनी संत मार्कच्या शुभवर्तमानावर रचलेली दुःखसहनाची संगीतकृती प्रथम सादर झाली, तेव्हा संचालन त्यांचेच होते. बाखच्या देशात प्रभूचे दुःखसहन लॅटिन अमेरिकन ढोलांच्या ठेक्यावर गायले गेले आणि श्रोत्यांनी ते मनःपूर्वक स्वीकारले.

सर्वच परीक्षक संगीत महाविद्यालयांतून आलेले नसतात. बास्क प्रदेशातील ओन्दारिबिया येथे १९४९ साली जन्मलेले हावियेर बुस्तो यांची पदवी वैद्यकशास्त्राची आहे. वृंदसंचालन ते स्वतःच शिकले. त्यांनी गावात १९७८ साली ‘एस्किफाया’ हा वृंद आणि पुढे स्त्रियांचा एक वृंद उभा केला. स्पेन, फ्रान्स व इटलीतील स्पर्धांत यश मिळाल्यावर त्यांनाच परीक्षक म्हणून निमंत्रणे येऊ लागली. त्यांची ‘आवे मारिया’ आज अनेक देशांतील कॉयरच्या संग्रही आहे. लिथुआनियाचे व्हितौतास मिश्किनिस (जन्म १९५४) यांची वाट याहून सरळ. ज्या ‘आझुओल्युकास’ या मुलांच्या वृंदात ते बालपणी गायले, त्याचीच सूत्रे १९७९ साली त्यांच्याकडे आली. तेव्हा त्यांचा देश सोव्हिएत सत्तेखाली होता. त्यांनी पुढे कित्येक लॅटिन प्रार्थनागीतांना चाली दिल्या आणि परीक्षक म्हणूनही देशोदेशी प्रवास केला.

परीक्षक स्वतः रचनाकार असला की एक मौजेची अडचण उद्भवते. काही कॉयर त्याला खूश करण्यासाठी त्याचीच रचना गाण्यास घेतात. आमच्या मते हा शहाणपणा नव्हे. ज्याने प्रत्येक स्वर स्वतः लिहिला आहे त्याच्यापासून एकही चूक लपत नाही.

या क्षेत्रावर टीकाही होते आणि ती रास्त आहे. मोठ्या स्पर्धांत सहभागाचे शुल्क, प्रवास, निवास असा खर्च कॉयरलाच सोसावा लागतो. गरीब देशांतील उत्तम वृंद त्यामुळे मंचापर्यंत पोहोचतच नाहीत. पदकांविषयीही गैरसमज आहेत. वर्ल्ड कॉयर गेम्समध्ये ठरावीक गुणांची पातळी गाठणाऱ्या प्रत्येक कॉयरला सुवर्णपदक मिळते. एकाच गटात अनेक सुवर्णपदके असू शकतात आणि गटातील सर्वोच्च कॉयरला ‘विजेता’ हा वेगळा मान असतो. वृत्तपत्रे ही बाब सहसा सांगत नाहीत. असे असले तरी ती पातळी गाठणे सोपे नाही. २०१० साली चीनमधील शाओशिंग येथे झालेल्या सहाव्या स्पर्धेत मेघालयाच्या ‘शिलाँग चेंबर कॉयर’ने धार्मिक संगीत, गॉस्पेल आणि लोकप्रिय संगीत या तीन गटांत सुवर्ण मिळविले, तेव्हा आपल्या देशातील वृंदगायनाकडे अनेकांचे प्रथमच लक्ष गेले. या कॉयरचे संस्थापक नील नाँगकिनरिह हे इंग्लंडमध्ये शिकलेले पियानोवादक. परदेशातील कारकीर्द सोडून ते शिलाँगला परतले आणि २००१ साली त्यांनी हा वृंद उभारला. २०१५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

शेवटी एका आगळ्या स्पर्धेचा उल्लेख केलाच पाहिजे. स्वीडनचे एरिक एरिकसन (१९१८–२०१३) हे एका धर्मोपदेशकाचे पुत्र. १९४५ साली त्यांनी स्टॉकहोममध्ये आपला चेंबर कॉयर स्थापन केला आणि १९५१ ते १९८२ अशी तीन दशके स्वीडिश रेडिओ कॉयरचे नेतृत्व केले. स्टॉकहोमच्या राजकीय संगीत महाविद्यालयात त्यांनी शिकविलेले संचालक आज युरोपभर पसरले आहेत. १९९७ साली त्यांना पोलार संगीत पुरस्कार मिळाला. त्यांच्या नावाने २००३ साली जी स्पर्धा सुरू झाली तीत कॉयरला गुण दिले जात नाहीत. गुण मिळतात ते तरुण वृंदसंचालकाला. अनोळखी, पण कसलेला वृंद त्याच्यापुढे उभा केला जातो आणि ठरलेल्या थोड्या वेळात तो त्यांच्याकडून काय काढून घेतो, हे परीक्षक पाहतात. तो चूक ऐकतो काय, ऐकल्यावर ती कोणत्या शब्दांत सांगतो, गायकांचा मान राखतो काय, हे सारे तेथे उघडे पडते. पहिल्या वर्षी हा मान नेदरलँड्सच्या पेटर डाइकस्ट्रा यांना मिळाला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचेही झाले नसतील किंवा नुकतेच झाले असतील. चार वर्षांनी, २००७ साली, ते स्वीडिश रेडिओ कॉयरचे प्रमुख संचालक झाले आणि एरिकसन यांनी जेथे तीन दशके उभे राहून तालमी घेतल्या, त्याच वृंदासमोर त्यांनी २०१८ पर्यंत काम केले.