लायडनचे डॉक्टर बास्टियान्स

१९६१ साली जेरुसलेमला आइखमनवरील खटल्यात लेखक येहिएल दे-नूर साक्षीस उभे राहिले आणि बोलता बोलता बेशुद्ध होऊन कोसळले. आउश्वित्झमधून सुटून सोळा वर्षे झाली होती. स्वप्नातली छावणी मात्र सुटली नव्हती. १९७६ साली ते हॉलंडात लायडनला गेले. तेथील मनोविकारतज्ज्ञ यान बास्टियान्स छळछावण्यांतून वाचलेल्यांना एलएसडी देत आणि जवळ बसून कोंडलेले बोलते करीत. औषध घेतले नि बरे झाले, असा हा प्रकार नव्हे, श्रोतेहो! दे-नूर यांनी १९८७ साली हा अनुभव पुस्तकरूपाने मांडला. पण एका रुग्णाची साक्ष म्हणजे शास्त्रीय पुरावा नव्हे. २०२३ साली ऑस्ट्रेलियाने एमडीएमए या वेगळ्या द्रव्याला आघातपीडितांसाठी मर्यादित परवानगी दिली. अमेरिकेने २०२४ साली आणखी पुरावा मागितला.