गृहदुरुस्तीसाठी बिनव्याजी अर्थसाहाय्य

गृहदुरुस्तीसाठी बिनव्याजी अर्थसाहाय्य म्हणजे राहत्या घराची दुरुस्ती, नूतनीकरण किंवा विस्तार करण्यासाठी व्याज न आकारता मिळणारी अथवा तशी जाहिरात केलेली रक्कम होय. यात विक्रेत्यामार्फत मिळणारे ‘शून्य टक्के व्याजाचे’ हप्ते, भविष्य निर्वाह निधीतील अग्रिम, नोकरी देणाऱ्या संस्थेने दिलेली उचल, नातेवाइकांकडून घेतलेले हातउसने पैसे, भिशी आणि गृहनिर्माण संस्थेचा दुरुस्ती निधी यांचा समावेश होतो. यांपैकी काही प्रकारांत खरोखरच व्याज नसते. काहींत ते वस्तूची किंमत, सवलत किंवा शुल्क यांत मिसळलेले असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर घरदुरुस्ती हा वारंवार येणारा खर्च आहे. रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील मोरा हे मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी लाँचसेवेने जोडलेले बंदर आहे. अशा ठिकाणी खाऱ्या व दमट हवेमुळे काँक्रीटमधील लोखंडी सळ्या गंजतात, फुगतात आणि छताचे पोपडे सुटतात. गळती रोखण्याची कामे जूनपूर्वी, तर रंगरंगोटी गणपती किंवा दिवाळीपूर्वी उरकण्याकडे कल असल्यामुळे खर्च वर्षाच्या ठरावीक महिन्यांत एकदम येतो.

नवी मुंबईसाठी १९७० पासून सिडकोमार्फत भूसंपादन झालेल्या ठाणे, पनवेल व उरण परिसरातील गावांत आणखी एक अडचण आहे. कुटुंबे वाढल्यावर मूळ गावठाणाबाहेर अनेकांनी घरे बांधली. ही घरे ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणून ओळखली जातात आणि ती नियमित करण्याबाबत राज्य शासनाने वेळोवेळी निर्णय काढले आहेत. ज्या घराची मालकी किंवा बांधकाम परवानगी कागदोपत्री स्पष्ट नाही, ते बँका सहसा तारण म्हणून स्वीकारत नाहीत. त्यामुळे कमी व्याजाचे तारणी गृहदुरुस्ती कर्ज अशा कुटुंबांच्या आवाक्याबाहेर राहते. उरतात ते विनातारण पर्याय: दुकानातील हप्ते, पतपेढी, भिशी आणि नातेवाईक. ग्रामीण गावठाणांचे ड्रोनद्वारे मोजमाप करून मिळकत पत्रिका देणाऱ्या केंद्र शासनाच्या स्वामित्व योजनेचा (२४ एप्रिल २०२०) एक घोषित उद्देश घराच्या आधारे कर्ज मिळणे सोपे करणे हा आहे.

प्रकार

विक्रेत्यामार्फत हप्ते

मॉड्युलर किचन, फरशी, नळजोडण्या, वॉटर हीटर, वातानुकूलन यंत्र इत्यादी वस्तू ‘नो कॉस्ट ईएमआय’ योजनेत विकल्या जातात. ग्राहकाला कर्ज विक्रेता देत नाही. ते बँक किंवा बिगरबँक वित्तीय कंपनी देते आणि आपले व्याज वसूल करते. ते व्याज उत्पादक किंवा विक्रेता सवलतीच्या रूपाने भरून देतो, अथवा रोखीच्या ग्राहकाला मिळणारी सवलत हप्त्याच्या ग्राहकाला नाकारून त्याची भरपाई केली जाते. काही योजनांत पहिले एक-दोन हप्ते आगाऊ घेतले जातात. त्यामुळे प्रत्यक्ष वापरायला मिळणारे कर्ज कमी होते, शुल्क मात्र पूर्ण रकमेवर लागते.

या योजना वस्तूंसाठी असतात. गवंडी, सुतार, प्लंबर व रंगारी यांची मजुरी बहुधा रोख द्यावी लागते. त्यामुळे दुरुस्तीच्या एकूण खर्चाचा मोठा भाग अशा योजनांबाहेरच राहतो.

भविष्य निर्वाह निधीतील अग्रिम

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मधील परिच्छेद ६८-बी अन्वये घरात भर घालणे, बदल किंवा सुधारणा करणे यांसाठी सभासदाला अग्रिम मिळण्याची तरतूद करण्यात आली. घर पूर्ण झाल्यावर पाच वर्षांनी हा अग्रिम घेता येई. त्याची मर्यादा १२ महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता, सभासदाचा स्वतःचा व्याजासह हिस्सा किंवा कामाचा खर्च यांपैकी सर्वांत कमी रकमेइतकी होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय विश्वस्त मंडळाने अंशतः रक्कम काढण्याच्या १३ तरतुदी तीन गटांत एकत्र करण्याचा निर्णय घेतला; ‘गृहनिर्माणविषयक गरजा’ हा त्यांपैकी एक गट आहे.

ही रक्कम सभासदाचीच असल्याने तिच्यावर व्याज नसते आणि योग्य कारणासाठी वापरल्यास ती परत भरावी लागत नाही. मात्र तिच्यावर पुढे मिळणारे व्याज बुडते. २०२४-२५ साठीचा ८.२५ टक्के दर कायम राहिला असे धरल्यास आज काढलेले १ लाख रुपये २० वर्षांनी सुमारे ४.८८ लाख रुपये झाले असते.

नोकरी देणाऱ्या संस्थेकडून उचल

काही संस्था कर्मचाऱ्यांना बिनव्याजी उचल देऊन ती पगारातून कापून घेतात. आयकर नियम, १९६२ मधील नियम ३ नुसार अशा बिनव्याजी कर्जातून होणारा लाभ हा पगाराव्यतिरिक्तचा लाभ मानला जाई. त्याचे मूल्य भारतीय स्टेट बँकेच्या त्या वर्षाच्या पहिल्या दिवशीच्या दरावरून ठरे. एकूण कर्ज २०,००० रुपयांपेक्षा अधिक नसल्यास हा लाभ करपात्र नसे.

हातउसने आणि भिशी

नातेवाईक, शेजारी किंवा मित्र यांच्याकडून परतफेडीच्या शब्दावर घेतलेल्या पैशांना हातउसने म्हणतात. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ मध्ये ‘कर्ज’ या संज्ञेचा अर्थ व्याजाने दिलेली रक्कम असा असल्याने खरोखर बिनव्याजी हातउसने देणे सावकारीत मोडत नाही. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २६९एसएस नुसार २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास मनाई करण्यात आली. नातेवाइकांतील कर्जालाही ही मनाई लागू होते आणि उल्लंघन झाल्यास कर्जाच्या रकमेइतका दंड होऊ शकतो. मुदत अधिनियम, १९६३ नुसार उसने दिलेले पैसे परत मिळवण्यासाठी दावा दाखल करण्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे. म्हणून धनादेश किंवा बँक हस्तांतर आणि साधी लेखी पावती यांमुळे दोन्ही पक्षांचे हित जपले जाते.

भिशीत ठरावीक सभासद दरमहा सारखी रक्कम जमा करतात आणि ती पाळीपाळीने एकेकाला मिळते. २० जणांनी दरमहा ५,००० रुपये भरल्यास प्रत्येक महिन्याला एकाला १ लाख रुपये मिळतात. ज्याचा क्रमांक आधी लागतो त्याच्यासाठी हे बिनव्याजी कर्ज ठरते, तर शेवटच्या सभासदाने इतरांना बिनव्याजी ठेव दिलेली असते. लिलाव भिशीत आधी रक्कम हवी असणारा सभासद तिचा काही भाग सोडून देतो. तो भाग व्याजच असतो. भिशीची सुरक्षितता सभासदांच्या परस्पर विश्वासावर अवलंबून असते. एखाद्याने पाळी मिळाल्यावर भरणा थांबवल्यास उरलेल्यांचे पैसे अडकतात. चिट फंडांचे नियमन चिट फंड अधिनियम, १९८२ नुसार होते.

गृहनिर्माण संस्थेचा निधी

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदांकडून बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी घेतले जातात. बाहेरील भिंती, गच्ची, जिने व सामाईक नळवाहिन्या यांची दुरुस्ती संस्था करते, तर सदनिकेतील अंतर्गत बदलांचा खर्च सभासदाचा असतो. हा निधी नियमितपणे जमा झालेला असल्यास मोठ्या दुरुस्तीसाठी कर्ज किंवा एकरकमी वर्गणीची गरज कमी होते.

खऱ्या खर्चाचे गणित

बिनव्याजी योजनेचा खरा खर्च काढण्यासाठी तीच वस्तू रोखीने घेतल्यास किती पैसे लागतील, हे पाहावे लागते. उदाहरणार्थ, एका स्वयंपाकघराच्या कामाची छापील किंमत १,२०,००० रुपये असून ती १०,००० रुपयांच्या १२ बिनव्याजी हप्त्यांत देता येते. रोख ग्राहकाला मात्र १० टक्के सवलत मिळते, असे समजू.

रोख किंमत: १,०८,००० रुपये
प्रक्रिया शुल्क १,००० रुपये व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर: १,१८० रुपये
प्रत्यक्ष मिळालेले कर्ज (१,०८,००० वजा १,१८०): १,०६,८२० रुपये
एकूण परतफेड: १,२०,००० रुपये
जादा खर्च: १३,१८० रुपये

जादा खर्च कर्जाच्या सुमारे १२ टक्के दिसतो. परंतु मुद्दल दरमहा कमी होत जात असल्याने वार्षिक व्याजदर सुमारे २२ टक्के येतो. रोख सवलत मिळतच नसेल आणि शुल्कही नसेल, तर तीच योजना ग्राहकाला खरोखर बिनव्याजी पडते.

क्रेडिट कार्डावरील योजनेत आणखी एक घटक असतो. कर्जाचे व्याज वस्तू व सेवा करातून मुक्त आहे, मात्र क्रेडिट कार्डावरील व्याज नाही. वरील १०,००० रुपयांच्या १२ हप्त्यांत बँकेचा दर १५ टक्के असल्यास मुद्दल सुमारे १,१०,७९३ व व्याज सुमारे ९,२०७ रुपये होते. विक्रेता ९,२०७ रुपयांची सवलत देऊन व्याज भरून काढतो. पण व्याजावरील १८ टक्के कर, म्हणजे सुमारे १,६५७ रुपये, ग्राहकाच्या विवरणपत्रात वेगळे येतात.

नियमन

भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना दिलेल्या निर्देशांत शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नसल्याचे स्पष्ट केले. क्रेडिट कार्डावरील अशा योजनांत व्याजाचा भाग अनेकदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडून घेतला जातो, असे निरीक्षण बँकेने नोंदवले. किमतीत सवलत असल्यास कर्जाची रक्कम सवलत वजा करून ठरवावी. सवलतीचा उपयोग व्याजदर कमी दाखवण्यासाठी करू नये, असेही सांगण्यात आले. त्यानंतर बाजारात ‘शून्य टक्के’ऐवजी ‘नो कॉस्ट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला.

१ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ मुदत कर्जांसाठी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक टक्केवारी दर नमूद करावा लागतो. क्रेडिट कार्डावरील येणी या तरतुदीतून वगळलेली आहेत. ऑगस्ट २०२३ च्या निर्देशांनुसार हप्ता चुकल्यास दंडात्मक व्याज न लावता केवळ दंडात्मक शुल्क आकारता येते आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावता येत नाही.

खरेदी करताना छुपे शुल्क शेवटच्या टप्प्यावर उघड करणे, हे नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फसव्या रचनांपैकी एक मानले जाते. बँक किंवा वित्तीय कंपनीने तक्रारीचे ३० दिवसांत निराकरण न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

करविषयक परिणाम

आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम २४(ब) नुसार, जुनी करप्रणाली निवडल्यास, स्वतः राहत असलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळे. ही वजावट केवळ व्याजावर असल्याने बिनव्याजी अर्थसाहाय्याला ती लागू होत नसे. वस्तूच्या किमतीत मिसळलेला जादा खर्चही व्याज म्हणून दाखवता येत नाही.

इतर देशांत

फ्रान्समध्ये घरांची ऊर्जाकार्यक्षमता वाढवण्यासाठी २००९ पासून शासनपुरस्कृत बिनव्याजी कर्ज दिले जाते. व्याजाचा भार शासन बँकांना करसवलत देऊन उचलते. म्हणजेच येथेही व्याज नाहीसे होत नाही, ते सार्वजनिक तिजोरीतून दिले जाते. अमेरिकेत काही दुकानांच्या कार्डांवर ‘विलंबित व्याज’ पद्धत आढळते: ठरलेल्या मुदतीत संपूर्ण रक्कम फेडली तरच व्याज माफ होते, अन्यथा खरेदीच्या दिवसापासूनचे व्याज एकदम आकारले जाते.