शांततेच्या खेळातली पकड

जव्हारच्या शिरपामाळाची कुळकथा तिथलं शाळकरी पोरही सांगेल. सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज थांबले, राजे विक्रमशाहांनी शिरपेच दिला, माळाला नाव पडलं. याच पालघर जिल्ह्यात रुजलेल्या बालशिक्षणातल्या एका खेळाचं कूळ मात्र कुणी विचारत नाही. तो म्हणजे शांततेचा खेळ. डोळे मिटायचे, हलायचं नाही, दूरचे आवाज टिपायचे. माझं म्हणणं असं, की हा खेळ मतिमंद मुलांना धरून बसवण्याच्या रीतीतून निघाला.

एदुआर सेगँ या फ्रेंच शिक्षकाचं 1866 चं पुस्तक पाहा. चंचल मुलाला आधी निश्चल बसायला शिकवायचं. शिक्षकाने समोर बसून त्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत धरायचे, एका हाताने त्याचे हात दाबायचे. दुसरा हात चुळबूळ होईल तिथे. आज याला सरळ अटकाव म्हणतील. मारिया माँटेसरींनी सेगँची रीत मंदमती मुलांवर वापरली, मग त्याचं लिखाण स्वहस्ते उतरवून काढलं आणि 1907 मध्ये रोममध्ये इतर मुलांसाठी बालगृह उघडलं.

शांततेच्या खेळाचा उगम माँटेसरीबाई स्वतः वेगळा सांगतात. अंगणात आईजवळ असलेलं चार महिन्यांचं बाळ त्यांनी वर्गात आणलं. ते इतकं शांत, की मुलांना म्हणाल्या, असं बसून दाखवा! गोष्ट गोड आहे. पण त्याच सांगतात, की ते बाळ वस्तीच्या रिवाजाप्रमाणे कापडात घट्ट गुंडाळलेलं होतं. म्हणजे तेही बांधलेलंच! बाईंनी पकड काढली, निश्चलता ठेवली आणि ती मुलाच्या मर्जीवर सोडली. माझ्या मते सेगँ आणि बाळ, दोघेही खरे.

खेळाची भारतातली पुढची वाट परिचित आहे. भावनगरला बालशिक्षणाचं काम करणारे गिजुभाई बधेका (त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातल्या मास्तरांचा हाच खेळ पहिल्याच दिवशी फसतो), त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक, मग ताराबाईंचं 1945 पासूनचं बोर्डीतलं काम, पुढे अनुताई वाघांसह कोसबाड. कुणी म्हणेल, मौन आपल्याकडे जुनंच. असेल, पण बालवाडीत ते ताराबाईंच्या शिदोरीतूनच आलं असणार.

पकड मात्र विशेष शाळांतून गेली नाही. सीपी (सेरेब्रल पाल्सी) असलेल्या मुलांची खुर्ची पाहा: मांड्यांमध्ये खुंटी, छातीला पट्टा, पुढे ट्रे. पाठ न धरणारं मूल तिच्यात सावरतं, म्हणून त्याचे हात खेळण्याकडे जातात. तोच पट्टा धावणाऱ्या मुलाला लावला की झाला अटकाव. शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेला मनाई करतं. 'त्याच्याच भल्यासाठी' आवळलेल्या पट्ट्याबद्दल त्यात अवाक्षर नाही. तेव्हा पालकांनो, पट्टा कुणाच्या सल्ल्याने आणि किती वेळ, हे शाळेकडून लेखी मागून घ्या.