लिंगशैथिल्यावरील इंजेक्शने

संभोगाला पुरेशी ताठरता न येणे किंवा ती न टिकणे या विकारावर थेट लिंगात टोचली जाणारी औषधे. पापाव्हरिन या औषधाचा ताठरता आणण्याचा गुण फ्रेंच शल्यचिकित्सक रोनाल्ड विराग यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी लास व्हेगास येथील मूत्ररोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात आधी स्वतःला टोचून घेतले आणि ऐन व्याख्यानात विजार उतरवून परिणाम दाखवला. पुरावा म्हणून तो बिनतोड होता. सभ्यतेविषयी श्रोत्यांचे मत वेगळे असू शकेल.

१९९८ मध्ये सिल्डेनाफिलची गोळी आली आणि इंजेक्शने मागे पडली. मात्र गोळीचा गुण येण्यासाठी लिंगाकडे जाणारे चेतातंतू बऱ्यापैकी शाबूत असावे लागतात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत किंवा जुन्या मधुमेहात ते निकामी झाले असतील, तर गोळी अनेकदा लागू पडत नाही. इंजेक्शन लिंगातील स्नायू थेट सैल करते. आत रक्त भरते आणि साधारण ५ ते २० मिनिटांत ताठरता येते.

पापाव्हरिन हे अफूतील, पण नशा न आणणारे द्रव्य. ते स्वस्त आहे. परंतु वारंवार वापराने लिंगात तंतुमय गाठी होतात आणि ताठरता उतरेनाशी होण्याचा धोकाही त्यातच अधिक. फेंटोलामाइन हे दुसरे औषध एकटे अपुरे पडते, म्हणून ते जोडीला देतात. अल्प्रोस्टॅडिलला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. शरीर त्याचे लवकर विघटन करत असल्याने हे दोन्ही धोके कमी; पण ते महाग आहे आणि ठणका लावते. चाचण्यांत ३७ टक्के रुग्णांनी कधी ना कधी वेदनेची तक्रार केली. नवजात अर्भकांच्या काही जन्मजात हृदयविकारांत हेच औषध जीव वाचवते.

तिन्हींचे मिश्रण, ‘ट्रायमिक्स’, सर्वांत प्रभावी मानले जाते. प्रत्येक घटक थोडा लागत असल्याने वेदनाही कमी होते. मात्र अमेरिकेत ते मान्यताप्राप्त तयार औषध नाही. औषधनिर्माते ते मिसळून देतात आणि प्रमाण जागोजागी बदलते.

पहिली मात्रा दवाखान्यातच देतात. अल्प्रोस्टॅडिलची सुरुवात बहुधा २.५ मायक्रोग्रॅमने, मज्जारज्जूच्या इजेत १.२५ ने होते. सुई बाजूने टोचतात, कारण खाली मूत्रमार्ग आणि वर रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. ताठरता ४ तासांहून अधिक राहिल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते. तेथे साचलेले रक्त ओढून काढतात व रक्तवाहिन्या आकसवणारे फेनिलेफ्रिन टोचतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णांत हा धोका मुळातच मोठा असल्याने त्यांना ही इंजेक्शने वर्ज्य आहेत. नंदुरबार, गडचिरोली अशा सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांतील रुग्णांत सिकलसेलची तपासणी आधी करणे आवश्यक ठरते.